घोंगडीचा कोरा तुकडा

सर, तुमच्यावर दोन पानं लिहून द्या, असं मला ऑफिसातून सांगण्यात आलं आहे. स्मरणिका निघणार आहे. "तुम्ही त्यांच्या पट्टशिष्या, तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" असं नवे साहेब म्हणाले, आणि त्यात कोऱ्या तुकड्याचा किस्सा जरूर घ्या, असंही सुचवलं. मी हो म्हणाले. महिन्याभरापूर्वी सांगितलं असतं तर एका बैठकीत लिहून दिलं असतं, आणि लिहिताना रडलेही असते. आता जे लिहितेय ते स्मरणिकेत बसणार नाही. हे तुमच्यासाठी आहे. तुम्ही ते वाचणार नाही हे मला कळतं, आणि माझा निम्मा राग त्याचाच आहे.

किस्सा तर तुम्हाला माहीतच आहे. मी न्यायसहायक प्रयोगशाळेत रुजू झाले तो पहिला दिवस. तुम्ही माझ्यासमोर एक जुना शर्ट टाकलात. छातीवर तपकिरी डाग. मी शहाणपणा दाखवायला लगेच कात्री उचलली आणि डागाला लावली. तुम्ही माझ्या हातातून कात्री काढून घेतलीत.

"देवकते, डाग कुठं पळून चाललाय का? आधी त्याच्या शेजारचा कोरा तुकडा काप."

"कोऱ्यात काय आहे, सर?"

"काही नाही, हेच तर बघायचंय. कोऱ्यानं पण डागासारखंच उत्तर दिलं, तर ते उत्तर डागाचं नसतं, कपड्याचं असतं. मग डागाला विचारून काय उपयोग?"

एवढंच. पण मला ते असं लागलं की पुढं घरी भाजीत मीठ जास्त झालं तरी मी आधी कोरं पाणी चाखून बघायचे. माझा नवरा तुमच्या नावानं चिडवायचा. तुमच्या निवृत्तीच्या समारंभात मी हाच किस्सा सांगितला होता, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तुम्ही मान खाली घालून बसला होतात. किती विनम्र माणूस, असं मला वाटलं होतं.

तुमचे उपकार मी विसरलेले नाही. ते विसरता आले असते तर फार बरं झालं असतं. मी आले तेव्हा आपले मोठे कारकून सगळ्यांच्या देखत म्हणाले होते, "मेंढरामागची पोरगी आता रक्त तपासणार म्हणे." तुम्ही चष्मा पुसता पुसता म्हणालात, "मेंढरामागं फिरलेल्या माणसाला रक्त, लोकर अन् चामडं तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिची खुर्ची माझ्या टेबलाशी लावा." खुर्ची लागली. त्या खुर्चीवर बसून मी सगळं शिकले.

पहिल्यांदा कोर्टात साक्ष द्यायची होती तेव्हा माझी बोबडी वळली होती. तुम्ही रजा टाकून आलात आणि शेवटच्या बाकावर बसलात. आत जाण्याआधी बाहेरच्या चहावाल्याकडं उभं करून मला सांगितलंत, "विचारलं तेवढंच सांग. कागदावर आहे तेवढंच सांग. कागदावर नाही ते कितीही खरं वाटलं, तरी ते आपलं नाही." वकिलानं मला उलटंपालटं करून विचारलं. मी तेवढंच सांगितलं. बाहेर आल्यावर तुम्ही फक्त दुसरा चहा सांगितलात. त्या चहाची चव मला अजून आठवते, आणि आता ती आठवली की तोंड कडू होतं.

आता एका दुपारबद्दल मला बोलायचं आहे. माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष असेल. पैठणच्या बाजूनं एक घोंगडी तपासायला आली होती. तेव्हा आपण कड्याच्या पद्धतीनं रक्त ओळखायचो. बारीक काचेच्या नळीत खाली माणसाचं रक्त ओळखणारं सीरम, त्यावर डागाचा अर्क अलगद सोडायचा. दोन्ही जिथं भेटतात तिथं पांढरं कडं उमटलं, की रक्त माणसाचं. मी तुमच्या नियमाप्रमाणं आधी कोरा तुकडा घेतला, आणि कोऱ्या तुकड्यानंच कडं दिलं. मला वाटलं नळी घाण असेल. नळी बदलली. पुन्हा कडं. तिसऱ्यांदाही कडं. मी तो तुकडा नाकाशी धरला, आणि मला आमची आई आठवली.

धावतच तुमच्याकडं आले. इतकी आनंदात होते की दारावर टकटक करायचंही विसरले. तुम्हाला सांगितलं की सर, ही खळ आहे. नवी घोंगडी लुळी असते. आमच्यात बाया चिंचोके भाजतात, दळतात, शिजवून त्याची खळ करतात आणि कुंच्यानं घोंगडीला घासून लावतात. मग ती ताठ होते, पाऊस आत घेत नाही. सवड असली तर चिंचोक्याची काळी टरफलं काढून टाकतात. पण कळपाबरोबर रानोमाळ फिरणाऱ्या बाईला टरफलं पाखडत बसायला वेळ कुठला? ती टरफलासकट दळते. त्या टरफलात तुरटपणा असतो, आणि तोच सीरमला गढूळ करतो. रक्त असो नसो, माणसाचं असो की मेंढीचं, कडं येणारच.

तुम्ही चष्मा काढलात.

"सगळेच लावतात?" तुम्ही विचारलंत.

"लावतात, सर."

"टरफलासकट?"

"घाईत असल्या तर. आमची आई तर कायमच घाईत असते."

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. "बरं," एवढंच म्हणालात, आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलंत. डोकं दुखतंय, कुणी येऊ नका, असा निरोप शिपायाकडून आला. तुमचा डबा तसाच घरी गेला. माझं काहीतरी चुकलं, असं वाटून मी दिवसभर झुरत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सगळ्यांना गोळा करून सांगितलंत, "देवकतेनं काल लाखाची गोष्ट दाखवून दिली. आजपासून कोऱ्या तुकड्याचा निकाल लिहिल्याशिवाय एकही अहवाल या दारातून बाहेर जाणार नाही." मला आकाश ठेंगणं झालं. मी म्हणाले, मी यावर निबंध लिहिते, सगळ्या प्रयोगशाळांना कळू दे. तुम्ही म्हणालात, "एका तुकड्यावर निबंध होत नसतो. पन्नास कर."

मी पन्नास केले. आईला घेऊन वस्तीवस्तीवर फिरले, बायांच्या हातापाया पडून त्यांच्या चांगल्या घोंगड्यांचे काठ कापून आणले. दोन वर्षं गेली. वही भरली. तुम्ही वही चाळलीत आणि म्हणालात, "जुन्या घोंगड्या कमी आहेत यात. दहा-बारा वर्षं वापरलेल्या बघ." त्याही केल्या. मग एक दिवस म्हणालात, "आता ही पद्धतच जाणार आहे, देवकते. नवीन किट येतायत. कोण वाचणार तुझा निबंध?" मला वाईट वाटलं, पण पटलंही. तुम्ही काटेकोर होतात आणि मला तुमच्या काटेकोरपणाचा अभिमान होता. त्याच काटेकोरपणाआड तुम्ही लपून बसला होतात, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मग डीएनएचं यंत्र आलं. तुमच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि मला नवीन खेळणं मिळालं होतं. आपलं रोज वाजायचं. मी म्हणायचे, सर, आता माणसाच्या डोळ्यावर काही अवलंबून राहिलं नाही, यंत्राला ना घाई ना लाज. तुम्ही एकदा खिशातून लोकरीचा एक काळा धागा काढून माझ्या टेबलावर ठेवलात. "हे घोंगडीचं सूत. यावर रक्ताचा डाग आहे समज. तुझ्या यंत्रानं सांगितलं, मेंढी. मग सांग, ही मेंढी रक्तातली की लोकरीतली?" मी धागा उलटसुलट करून पाहिला. तुम्ही म्हणालात, "यंत्र आलं म्हणून कोरा तुकडा सुटत नसतो." मी चिडून म्हणाले होते की सर, जगात शर्ट आहेत, साड्या आहेत, चादरी आहेत, तुम्हाला दर वेळी घोंगडीच कशी सुचते? तुम्ही धागा परत खिशात ठेवलात. ते भांडण तसंच राहिलं, आणि त्याचं उत्तर मला तुमच्या तेराव्यानंतर मिळालं.

काकूंनी मला तुमच्या उस्मानपुऱ्याच्या घरी बोलावलं. "तुझ्या नावाचं पाकीट आहे कपाटात. आणि त्यांची पुस्तकं पण तूच ने बाई, मुलगा म्हणतो रद्दीत घाला." मी तुमच्या खुर्चीवर बसले नाही. खाली सतरंजीवर बसूनच पाकीट उघडलं. वर तुमच्या अक्षरात फक्त 'देवकते' लिहिलं होतं. आत चिठ्ठी असेल म्हणून मी पाकीट दोनदा उलटं करून झटकलं. चिठ्ठी नव्हती.

तपासणीच्या नोंदीच्या कागदाची कार्बन प्रत होती, आणि कागदाच्या पुडीत दोन बोटं रुंद घोंगडीचा तुकडा. पुडीवर 'कोरा' लिहिलेलं. नोंद मी यायच्या चार वर्षं आधीची. कन्नड तालुक्यातला खुनाचा गुन्हा, आरोपी दगडू, धंदा मेंढपाळ. डाग: कडं आलं. निष्कर्ष: मानवी रक्त. रक्तगट ठरवता आला नाही. मेंढीचं रक्त ओळखणारं सीरम: शिल्लक नाही. कोरा तुकडा: आणि तिथं शाईची एक आडवी रेघ. म्हणजे तुकडा कापला होता, पुडीत बांधला होता, पण तपासला नव्हता. सीरमची टंचाई असेल. पोलिसांचा तगादा असेल. एवढं मी समजू शकते, सर, खरंच समजू शकते. माझ्या हातूनही चुका झाल्या आहेत आणि त्या तुम्ही पोटात घातल्या आहेत.

पण त्या शाईच्या रेघेखाली पेन्सिलीनं एक ओळ होती. 'कोरा तुकडा: कडं आलं. तीन वेळा.' आणि खाली तारीख. ती तारीख मी माझ्या वहीशी ताडून पाहिली. माझ्या वहीचं पहिलं पान त्याच दिवशीचं आहे. ज्या दुपारी मी तुमच्या दारात उभी राहून हसत होते, त्याच दुपारची.

म्हणजे डोकं दुखत नव्हतं. तुम्ही आत बसून सहा वर्षं खणात पडलेली ती पुडी सोडलीत, तीन वेळा नळी लावलीत, तीन वेळा कडं पाहिलंत. तेव्हा दगडू तुरुंगात होता, हे मी नंतर शोधून काढलं. सहावं वर्ष होतं त्याचं. त्यानंतर तो आणखी आठ वर्षं आत होता. त्या दुपारी दार उघडून बाहेर आला असतात आणि कोर्टाला एक पत्र लिहिलं असतंत, तर ती आठ वर्षं वाचली असती. तुम्ही दार उघडलंत ते दुसऱ्या दिवशी, आणि आम्हाला नियम दिलात. त्या नियमानं पुढं कितीजण वाचले असतील, ते मी नाकारत नाही. पण ज्याच्यामुळं तो नियम आला, त्याला तुम्ही आतच ठेवलंत.

आणि मला काय केलंत? माझ्याकडून पन्नास तुकडे करून घेतलेत. तो निबंध छापला असता, तर कुणीतरी विचारलंच असतं की आधीच्या घोंगड्यांचं काय. हे तुम्हाला पहिल्या दिवशी कळलं होतं. माझी आई गुडघे दुखत असताना माझ्याबरोबर वस्त्या फिरली. तुमच्यासाठी तिनं बाजरीच्या पिठाचा डबा पाठवला होता, आठवतं? "तुझ्या सायबाला दे, देवमाणूस हाय त्यो," म्हणाली होती. तुम्ही तो डबा घेतलात.

त्या वर्षी तुमची बढती होती. तरी बढतीसाठी तुम्ही गप्प बसलात असं मला अजूनही वाटत नाही, आणि माझं हे न वाटणंसुद्धा मला आता संशयास्पद वाटतं. मला वाटतं, तुम्ही आमच्या डोळ्यांत जे होतात ते तुम्हाला सोडवेना. निदान मला तरी सांगायचं होतंत. मी ओरडले असते, आठवडाभर बोलले नसते, आणि मग तुमच्याबरोबर कोर्टात आले असते. शेवटच्या बाकावर बसले असते.

जाण्याआधी दोन महिने मी भेटायला आले होते. तुम्हाला धाप लागत होती. मध्येच विचारलंत, "तुझी ती पन्नास तुकड्यांची वही आहे का अजून?" मी म्हणाले, आहे. "ठेव. फेकू नकोस." मी तुमच्याकडं बघत राहिले. तुम्ही काहीतरी बोलणार होतात, हे मला आता कळतं. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि तुम्ही त्यांना साखर कमी पडल्याचं सांगत बसलात. साखर बरोबर होती, सर. मी तोच चहा पीत होते.

शोकसभेत दोघांनी कोऱ्या तुकड्याचा किस्सा सांगितला. मला बोलायला उठवलं. मी म्हणाले, मला बोलता येणार नाही. सगळ्यांना वाटलं हुंदका आला. एकजण पाणी घेऊन आला. मी पाणी प्यायले आणि खाली बसले. तुमच्या फोटोकडं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोन पंचांसमोर ते पाकीट सीलबंद केलं आणि लेखी निवेदन वर पाठवलं. एक प्रत गरिबांची मोफत कामं बघणाऱ्या एका वकीलबाईंना दिली. त्या म्हणाल्या, शिक्षा भोगून झाली आहे, पण नावावरचा डाग काढायला अर्ज करता येतो, वेळ लागेल. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की खून कुणी केला ते मला माहीत नाही. दगडूनं केला नाही, असंही माझ्याकडचा कागद म्हणत नाही. बाकीची घोंगडी कधीच जाळून टाकलेली आहे, डाग तपासणीत संपला. मी एवढंच म्हणू शकते की 'मानवी रक्त' हे दोन शब्द लिहायला त्या कागदावर आधार नव्हता. बघा, अजूनही तुमच्याच पद्धतीनं बोलते मी. माझ्याकडं दुसरी पद्धत नाही.

मग एसटीनं कन्नडला गेले. तिथून जीपनं वस्तीवर. दगडू साठीचा असेल, जास्त दिसतो. दुसऱ्याची मेंढरं राखतो. मी कोण, कुठली, कशाला आले ते सांगितलं. आडनाव ऐकल्यावर, आपल्यातलीच म्हणून, त्यानं बसायला पोतं टाकलं. मी खळीचं सांगितलं, कड्याचं सांगितलं, तुमचं नाव सांगितलं. तो सगळं ऐकत काठीनं माती उकरत होता.

"मेंढी अडली व्हती," तो म्हणाला. "कोकरू आडवं आलतं. म्या हात घालून वढून काढलं अन् घोंगडीत गुंडाळलं. त्याचं रगत व्हतं ते. आदल्या दिशी त्या मान्सासंगं मही बाचाबाची झालती, मेंढरं त्याच्या रानात शिरली म्हनून. ते बी म्या कोर्टात कबूल केलं. पर कागद म्हनला मान्साचं रगत. मंग कोन ऐकतंय?"

"तो कागद चुकीचा होता. हेच सांगायला आले मी."

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. आवाज चढला नव्हता. "बाई, हे मला कामून सांगता? मला तं ठावंच व्हतं."

इतक्या वर्षांत मी शेकडो अहवाल लिहिले, आणि ज्याला खरं काय ते आधीच माहीत असतं असा एक माणूस प्रत्येक अहवालापलीकडं बसलेला असतो, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

"गिरजीला सांगा," तो म्हणाला. "मही बायकू. पाचोडला ऱ्हाती, भावापाशी. कागद याच्या आधी दर भेटीला याची तुरुंगात. भाकर आनायची. लोक कायबी म्हनू दे, माहा तुमच्यावर इस्वास हाय, म्हनायची. कागद आला त्या दिशी उठली अन् लेकरू घिऊन गेली. म्हनली, डाक्टर कामून खोटं लिहील? तिचं बी काय चुकलं? सरकारी कागद व्हता."

निघताना त्यानं विचारलं, "त्या घोंगडीला खळ तिनंच लावलती. ते बी सांगावं लागंल का?"

मी म्हणाले, सांगावं लागेल.

त्यानं उकरलेली माती पायानं लोटली. "मंग हळू सांगा," म्हणाला.

पाचोडला बाजाराच्या दिवशी गेले. गिरजाबाई मिरच्या विकायला बसली होती. मी तिच्याशेजारी पोत्यावर बसले आणि गिऱ्हाइकाच्या मधेमधे सांगत गेले. हळू सांगितलं. टरफलाचं सांगितलं तेव्हा तिचा तराजू हातात तसाच राहिला.

"टरफलं काढली नव्हती म्या," ती म्हणाली. "मेंढरांचा तळ हलवायचा व्हता दुसऱ्या दिशी. पाखडाया येळच नव्हता."

"माझी आईपण काढत नाही. खळीची काही चूक नाही, गिरजाबाई. शेजारचा कोरा तुकडा बघायचा होता, तो बघितला नाही. चूक तिथं झाली."

"अन् हे कळलं कवा त्यास्नी?"

ती विचारत होती, म्हणून सांगितलं. सहाव्या वर्षी कळलं, हेही सांगितलं. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग पदरानं तोंड पुसलं. रडली नाही.

"सहाव्या वर्साला पोरगी धा वर्साची व्हती," ती म्हणाली. "बाप कुठं हाय म्हनून रोज इचाराची. म्या सांगायची, मेला."

एक गिऱ्हाईक आलं. तिनं पावशेर मिरच्या मोजून दिल्या, वर चार मिरच्या जास्त टाकल्या. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "कुठं ऱ्हातो त्यो सायब?"

"गेले. महिना झाला."

तिनं मिरच्यांचा ढीग सारखा केला. बाजार चालू होता. मग वळली आणि माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "जाताना तरी त्यास्नी वाटलं असंल. त्यास्नीच धाडलं ना तुमाला? सांगून ये, म्हनले असतील."

सर, तिला तुमच्याकडून एवढंच हवं होतं. एक हो. ते मला देता आलं असतं. तुम्ही पुडी जपून ठेवलीत, पेन्सिलीनं तारीख घातलीत, पाकिटावर माझं नाव लिहिलंत. माझं मन सांगत होतं की याचा अर्थ तोच आहे. ती माझ्याकडं बघत होती, आणि मला कोर्टाबाहेरच्या चहावाल्याशी उभे असलेले तुम्ही आठवत होतात.

पाकिटावर फक्त माझं नाव होतं. जा, असं कुठंही लिहिलेलं नव्हतं.

मी म्हणाले, "नाही. त्यांनी पाठवलं नाही."